धारेची मजुरी

गेल्या उत्सवापूर्वी आमच्या अंत्रुज महालातील एका देवळात एक लहानसा वाद उपस्थित झाला. लालखीच्या कठड्याच्या तीन कातीव दांड्या जुनेपणाने चिरफाळल्या होत्या, आणि त्या तशाच्या तशा नव्या करून बसविण्याचे काम एका वृद्ध मेस्ताकडे सोपविण्यात आले होते. काम निर्दोष झाले. नवी दांडी कोणती आणि जुनी कोणती हे रंग वाळल्यावर आम्हांस बोट ठेवून सांगता आले नसते. परंतु मजुरीचा कागद महाजनांच्या बैठकीत आला तेव्हा कुरबुर सुरू झाली. मेस्ताने दोन दिवसांची मजुरी लावली होती. देखरेखीवर असलेल्या गृहस्थांनी सांगितले की, या दोन दिवसांपैकी निम्मा वेळ तर हा मनुष्य धारेच्या चाकाशी बसला होता! हत्यारे घरून पाजवून आणावयाची नाहीत काय? न्हाव्याला आपण दाढीचे पैसे देतो, वस्तऱ्याच्या धारेचे वेगळे देतो काय?

दृष्टान्त बिनतोड वाटला. बैठकीत हंशा झाला, आणि आम्ही वकील पडलो म्हणून हा तंटा मिटविण्याचे काम आमच्याकडे आले.

आम्ही मेस्ताच्या पडवीत जाऊन बसलो. त्यांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "वकीलबाब, लांकूड कातपाक वेळ लागना, धारेक लागता." आम्हांस हे पक्षकाराचे नेहमीचे निवेदन वाटले. पण पुढे त्यांनी हातात गोल पटाशी घेऊन जे दाखविले, त्यामुळे प्रथम आमचे मत बदलले आणि नंतर आमची झोप उडाली. कारण ज्या गोष्टीबद्दल आपण मजुरी नाकारावयास निघालो होतो, तिचा इतिहास शोधू लागल्यावर असे दिसून आले की, जगाच्या इतिहासलेखकांनीही तिला मजुरी दिलेली नाही.

प्रथम मेस्ताने दाखविले ते सांगावयास हवे. सुताराची पटाशी एका बाजूने सपाट असते आणि दुसऱ्या बाजूने उतरती घासलेली असते. या उताराला कारखान्यात बेव्हल म्हणतात. आम्ही येथे उतारच म्हणू. सुतार धारेने कापतो आणि उतार केवळ धारेला वाट करून देतो. कातारकामात मात्र लाकूड स्वतःच फिरत असते, आणि हत्याराला त्या फिरत्या लाकडावर आधार शोधावा लागतो. तो आधार म्हणजे हा उतार. मेस्त प्रथम हत्याराचा उतार फिरत्या दांडीवर नुसता टेकवीत. तेव्हा काहीच कापले जात नसे. लाकूड उतारावरून घसरत जाई. मग ते मूठ तसूभर वर उचलीत, आणि धार लाकडाला लागताच रिबिनीसारखा सलग छिलका निघू लागे. अशा रीतीने उतार हा धारेचा पाया होय, तिचा वाटाड्या होय. तो सरळ एका पृष्ठाचा असला पाहिजे. घाईघाईने धार लावताना टोकाशी दुसरा बारीकसा उतार पडला, तर हत्यार टेकते एका ठिकाणी आणि कापू पाहते दुसऱ्या ठिकाणी. मग ते लाकडात रुतते, आणि दोन तासांचे काम क्षणात फुकट जाते.

या उताराचा कोन कामानुसार बदलतो. दांडीवर घाट काढणाऱ्या तिरकस पटाशीला दोन्ही बाजूंनी उतार असतो, आणि दोन्ही मिळून पंचवीस ते तीस अंशांचे पाते होते. दांडीतील खोबणी काढणाऱ्या गोल पटाशीचा उतार पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपास, वाडग्याचा पोटाळा कातणाऱ्या पटाशीचा त्याहून बोथट. खरवडण्याच्या हत्याराचा कोन तर सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत जातो. कारण ते उतारावर टेकतच नाही, त्याच्या धारेवर उभी राहणारी केसासारखी बारीक कड लाकूड ओरबाडते. कोनापेक्षाही महत्त्वाचा असतो तो टोकाचा घाट. लालखीच्या जुन्या दांड्यांतील खोबणी अरुंद आणि खोल होत्या. मेस्ताची नेहमीची पटाशी त्यांत शिरत नव्हती. त्यांनी तिचे दोन्ही खांदे मागे घासून तिला बोटाच्या नखासारखे टोक दिले आणि नवा उतार घडविला. हे पाजविणे नव्हे. हे हत्यार नव्याने जन्मास घालणे होय. शिवाय लाकूड सागवानाचे. सागाच्या अंगात वाळूच्या जातीचे सूक्ष्म खनिज कण असतात आणि ते धार फार लवकर खातात. पांगाऱ्यासारख्या मऊ लाकडात जी धार दीर्घकाळ टिकते, तीच सागात थोड्या वेळात चाकाकडे परत जाते.

न्हाव्याचा दृष्टान्त येथेच कोसळला. न्हाव्याचा वस्तरा सर्व गालांना एकच असतो. कातारी प्रत्येक घाटासाठी धारेचा घाट बदलतो.

आता इतिहासाकडे वळू. 'कातणे' हे आपले क्रियापद मोठे बोलके आहे. सूत कातणे आणि लाकूड कातणे यांना मराठीत एकच शब्द आहे. संस्कृत धातुपाठात 'कृत्' या रूपाचे दोन वेगळे धातू आढळतात, एक छेदनाच्या अर्थी, दुसरा वेष्टनाच्या म्हणजे गुंडाळण्याच्या अर्थी. वैयाकरणांनी ते दोन गणांत वेगळे ठेवले. आमच्या कातारीने मात्र दोन्ही एका जागी आणले, कारण त्याच्या कामात गुंडाळलेली दोरी लाकूड फिरविते आणि धार ते छेदते. 'कातीव' हे विशेषण तर देवळाच्या खांबापासून मनुष्याच्या देहयष्टीपर्यंत आपण सर्रास वापरतो. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती १२०४ मध्ये रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने बांधली. तेथील गुळगुळीत गोल खांब पाहणाऱ्याच्या तोंडून हाच शब्द आपोआप निघतो. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासून कर्नाटकात मऊ जातीच्या हिरवट-काळ्या दगडाचे खांब फिरवून कातीत असत, आणि त्यांवरील एकाला एक समांतर असलेली वर्तुळाकार कंगोऱ्यांची वलये अजून त्याची साक्ष देतात. दगडाचे शास्त्र वेगळे, म्हणून तिकडे अधिक जात नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात यावी: खांब आहेत, शिलालेख आहेत, दात्यांची नावे आहेत, खांब ज्या धारेने कातले ती धार नाही.

आम्हां वकिलांच्या भाषेत बोलावयाचे तर येथे प्रत्यक्ष पुरावा स्वतःच स्वतःचा नाश करतो. हत्याराला धार लावणे म्हणजे त्याची कालची धार घासून टाकणे. प्रत्येक वेळी पोलादाचा एक अंश चाकाखाली काळी पूड होऊन पडतो, आणि पुरेशा वर्षांनंतर हत्यारच संपते. मेस्ताच्या वडिलांची पटाशी आम्ही हातात घेतली. मुठीबाहेर अवघे चार बोटे पाते उरले होते. मग उरतो तो परिस्थितीजन्य पुरावा आणि साक्षीदारांचे जबाब. ते जबाब आम्ही जमतील तेवढे तपासले.

सर्वांत जुने चित्र इजिप्तमधील आहे. तुना-अल-गेबेल येथे पेटोसिरिस नावाच्या धर्माधिकाऱ्याच्या थडग्यात, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास कोरलेल्या एका भित्तिशिल्पात दोन माणसे काम करताना दाखविली आहेत. एक जण पट्टा ओढून वस्तू फिरवितो आहे, दुसरा तिला हत्यार लावतो आहे. खरादाचे इतके निःसंदिग्ध असे याहून जुने चित्र उपलब्ध नाही. चित्रकाराने पट्टा दाखविला, माणसांचे हात दाखविले. हत्याराची धार दाखविण्याइतकी जागा त्याच्यापाशी नव्हती.

दुसरा साक्षीदार आपल्या देशातील आहे, आणि तो अनपेक्षित ठिकाणी भेटतो. पाली त्रिपिटकातील सतिपट्ठान सुत्तात श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे सांगताना कुशल कातारीचा दृष्टान्त येतो. लांब ओढ घेताना कातारीला, किंवा त्याच्या शिष्याला, आपण लांब ओढ घेत आहो हे कळते, आखूड ओढ घेताना आखूड. साधकालाही आपला श्वास तसा कळावा. कातारीसाठी तेथील पाली शब्द आहे 'भमकार', म्हणजे भ्रमण करविणारा. पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या अट्ठकथेत याचे स्पष्टीकरण आहे: नगाऱ्यासारखी मोठी वस्तू कातताना तो हातपाय लांबवून दीर्घ ओढ घेतो, हस्तिदंताची सुईसारखी लहान वस्तू करताना हळूहळू आखूड ओढतो. शिष्याचा उल्लेख आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. ही विद्या पुस्तकातून नव्हे, शेजारी बसून शिकावयाची होती, हे त्या एका शब्दाने सिद्ध होते. पण धार? धर्मोपदेशकाला ओढीशी कर्तव्य होते. धारेचे त्याने नाव काढले नाही, आणि त्याबद्दल आम्ही त्याला दोष देणार नाही.

ओढीवरून एक अनुमान मात्र निघते. दोरीने किंवा धनुष्याने फिरविलेले लाकूड एकदा पुढे आणि एकदा मागे फिरते. कापणे होते ते पुढच्या फेऱ्यातच. मागच्या फेऱ्यात हत्यार किंचित सैल सोडावे लागते. आपल्याकडचा कातारी जमिनीवर बसून काम करी, आणि हत्यार स्थिर ठेवण्यास पायाच्या अंगठ्याचीही मदत घेई. अशा खालच्या बैठकीत आणि अशा उलटसुलट गतीत उतार किती लांब असावा, मूठ किती उंच उचलता येईल, हे सगळे शरीरानेच ठरविलेले असणार. उभ्याने चालवावयाच्या, एकाच दिशेने अखंड फिरणाऱ्या खरादाची धार या बैठकीला चालत नाही. लिओनार्दो दा विंची याने १४८० च्या सुमारास पायटा आणि जडचाक लावून लाकूड एकाच दिशेने फिरविणाऱ्या खरादाचे रेखाटन केले. त्यानंतर युरोपात हळूहळू गती बदलली आणि गतीबरोबर धारही बदलली. धार ही अशी यंत्राची आणि कारागिराच्या गुडघ्याचीही लेक आहे.

तिसरा साक्षीदार थेट गोव्यातील. यान हुइगेन व्हान लिंस्कोटेन हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यास आला आणि येथील आर्चबिशपाच्या पदरी चिटणीस होता. हा गृहस्थ फार चौकस. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात लाखेवर एक प्रकरण आहे, आणि त्यात येथील कातारी पलंगाचे खूर, खुर्च्या, चौरंग कसे रंगवितात हे त्याने जवळ उभे राहून पाहिल्यासारखे लिहिले आहे. वस्तू कातून घाटास आली की ती फिरत असतानाच तिच्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरावयाची. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाच्या रंध्रांत शिरते, नखाच्या जाडीचा थर बसतो, आणि मग सुक्या रुंद पात्यांनी घासून त्याला झळाळी आणावयाची. सावंतवाडीच्या आणि कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांची लाखकामाची रीत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. चार शतकांत कृती बदललेली नाही. चन्नपट्टणचे कारागीर झळाळीसाठी केवड्याचे पान वापरतात.

लाखकामाचे एक मर्म लिंस्कोटेनच्या नजरेतून सुटले. लाख दोष झाकीत नाही, उघडे पाडते. बोथट धारेने तंतू उपटले गेले असतील तर त्या खरबरीत जागी लाखेचा थर डागाळतो, आणि झळाळी जितकी अधिक तितका तो डाग अधिक डोळ्यांत भरतो. म्हणजे ज्या तकाकीची त्याने तारीफ केली, तिचे अर्धे श्रेय धारेचे होते. त्याच्या वर्णनात धारेला स्थान नाही. जबाब खरा आहे, पण अपुरा आहे.

चौथा साक्षीदार फ्रान्सचा, आणि त्याची ओळख आमच्या वाचकांना रोज सकाळी होत असते, फक्त नाव ठाऊक नसते. शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) हा एक ख्रिस्ती संन्यासी. वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्याने अमेरिकेकडच्या बेटांवर अनेक सफरी केल्या. आपल्या देवळांच्या आवारात ज्याची पांढरी-पिवळी फुले सड्यासारखी पडतात तो देवचाफा मूळचा अमेरिकेकडचा. त्याच्या कुळाला शास्त्रज्ञांनी या प्ल्युमिएचेच नाव दिले, 'प्लुमेरिया'. याच गृहस्थाने १७०१ मध्ये लिआँ शहरी कातारकामावर एक भव्य ग्रंथ प्रसिद्ध केला, एका बाजूस फ्रेंच आणि दुसऱ्या बाजूस लॅटिन. केवळ याच विद्येला वाहिलेला युरोपातील हा पहिला मोठा ग्रंथ. रशियाचा झार पीटर स्वतः खरादावर बसणारा हौशी कातारी. त्याने आपल्यासाठी या ग्रंथाचे भाषांतर करवून घेतले. त्याआधी इंग्लंडात जोसेफ मॉक्सन याने १६७७ पासून हप्त्याहप्त्याने काढलेल्या हस्तव्यवसायविषयक पुस्तकात कातारकामाला स्वतंत्र भाग दिला होता आणि कातारीची हत्यारे एकेक करून वर्णिली होती. येथे प्रथमच हत्यारांच्या आकृती समोर येतात. पण आकृती ही स्थिर असते. टोकाचा घाट तीत दिसतो. चाकावर मनगट कसे वळवावे की तो घाट उमटेल, हे दिसत नाही.

घासण्याच्या दगडाकडे वळल्यावर मात्र आपल्या देशाचे पारडे जड होते. संस्कृतातील 'शाण' म्हणजे धार लावण्याचा दगड. त्याचेच मराठी रूप 'सहाण'. ज्या सहाणेवर देवासाठी गंध उगाळले जाते, तिच्या नावाच्या मुळाशी शस्त्र पाजविणे आहे, ही गोष्ट आमच्या पुजारी मित्रांना सांगितली तेव्हा त्यांनी थोडा वेळ सहाणेकडे संशयाने पाहिले! हिऱ्याच्या खालोखाल कठीण असणारा कुरुंद हा दगड दक्षिण भारतात विपुल. संस्कृत 'कुरुविंद', तमिळ 'कुरुंदम', आणि त्यावरूनच पाश्चात्त्य शास्त्राने या खनिजाला 'कोरंडम' हे नाव दिले. चार्ल्स ग्रेव्हिल याने १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या आशियाई दगडावर निबंध सादर केला, तेव्हा युरोपातील विद्वानांचे लक्ष तिकडे वेधले. आपले शिकलगार आणि मणिकार मात्र कुरुंदाची भुकटी लाखेत कालवून तिची चाके फार पूर्वीपासून करीत आले होते. लाख गरम केली की मऊ होते, भुकटीला घट्ट धरते आणि थंड झाल्यावर दगडासारखी होते. झिजताना नवे कण वर येत राहतात. म्हणजे जी लाख पाळण्याच्या दांडीवर लाल रंग होऊन चमकते, तीच धारेच्या चाकात कुरुंदाला बांधून ठेवीत असे. कातीव वस्तूच्या आरंभी लाख आणि शेवटीही लाख. आजच्या कारखान्यांत तयार होणारी पांढरी आणि गुलाबी चाके हीही कुरुंदाचीच, फक्त ती बॉक्साइटपासून विजेच्या भट्टीत केलेल्या कृत्रिम कुरुंदाची. बॉक्साइट आमच्या बेळगावकडच्या पठारांवरही आहेच. अमेरिकेत एडवर्ड अॅचेसन याला १८९१ मध्ये कार्बोरंडम हा दुसरा कृत्रिम पदार्थ सापडला. त्याचे नाव ठेवतानाही कुरुंदाचीच उसनवारी झाली.

चाकाच्या गोलाईचा उतारावर ठसा उमटतो. सपाट दगडावर घासलेला उतार सपाट होतो. चाकावर घासलेला किंचित पोकळ. सहा इंची चाकावर सेंटीमीटरभर रुंदीच्या उताराला मध्यभागी जी पोकळी पडते, ती दोन-तीन केसांच्या जाडीहून अधिक नसते. पण मेस्ताचा हात ती ओळखतो. उताराची टाच आणि धार अशा दोन रेषांवर हत्यार टेकते, आणि लाकडावर ते कुठे बसले हे मुठीला कळते.

येथे आमचा स्वतःचा पराक्रम कबूल केला पाहिजे. मेस्ताचे पाहून आम्हीही एक जुनी पटाशी विजेच्या चाकाला लावली. ठिणग्यांचा फुलबाजा फार सुंदर दिसला, आणि टोक निळे झाले. मेस्त हसले नाहीत. त्यांनी ती निळी झालेली कड पूर्ण घासून टाकली, म्हणजे आमच्या अर्ध्या मिनिटासाठी त्या पटाशीचे काही महिन्यांचे आयुष्य गेले. साध्या पोलादाचे पाणी दोनशे अंश सेल्सिअसच्या पुढे उतरू लागते. प्रथम ते गवताच्या काडीसारखे पिवळे होते, मग तपकिरी, जांभळे, आणि तीनशे अंशांच्या सुमारास निळे. तेथवर गेलेली कड धार धरीत नाही. म्हणून जुने कारागीर ओल्या दगडावर, सावकाश धार लावीत. फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी अमेरिकेतील बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यात टंगस्टनमिश्रित पोलादाला अतितप्त करून पाणी देण्याची रीत शोधली, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ते हत्यार लाल होईतो तापूनही लोखंड कापीत असलेले लोकांनी पाहिले. ते लोखंड कातणाऱ्या कारखान्यांसाठी होते. लाकूड कातणाऱ्यांच्या हाती असे पोलाद सर्रास यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. त्याने घाईला क्षमा मिळाली. आता हत्यार साच्यात अडकवून ठराविक कोनात चाकावर फिरविण्याची साधनेही मिळतात. दर वेळी तोच घाट, तोच उतार. आम्ही त्यांना नावे ठेवणार नाही. ज्याचा हात तयार नाही त्याला साचा हा गुरूच आहे. मात्र साचा जुना घाट जपतो. नवा घाट कोणता हवा हे त्याला विचारता येत नाही. आमच्या लालखीची खोबण कोणत्याही साच्याच्या कोष्टकात नव्हती.

शेवटचा साक्षीदार इंग्लंडमधील एक खेडूत. बर्कशायर परगण्यातील बकलबरी गावी जॉर्ज लेली नावाचा कातारी दांडीखरादावर लाकडी वाडगी करीत असे. लवचीक दांडीला बांधलेली दोरी पायाने खाली ओढावयाची आणि दांडीने ती परत खेचावयाची, असा तो पुरातन खराद. आकडीसारखी वळलेली हत्यारे तो वापरी, आणि त्यांनी एकाच ओंडक्यातून एकाच्या पोटात एक अशी वाडगी काढी. १९५८ मध्ये तो वारला. त्याच्यामागे ही विद्या चालविणारा कोणी नव्हता. त्याचा खराद आणि हत्यारे रेडिंग येथील ग्रामीण जीवनाच्या संग्रहालयात व्यवस्थित ठेवण्यात आली. पुरावा शाबूत होता, तरी कित्येक वर्षे त्या हत्यारांनी कोणाला वाडगे करता येईना! पुढे रॉबिन वुड नावाच्या कारागिराने त्या संग्रहालयातील हत्यारे बारकाईने अभ्यासली, स्वतः तशी घडविली, आणि चुका करीत, घासीत, पुन्हा चुका करीत ती कला परत उभी केली. काचेच्या कपाटात हत्यार होते. त्याला धार लावणारे मनगट नव्हते. एका माणसाच्या मृत्यूने जे गेले ते परत मिळवावयास दुसऱ्या माणसाला आयुष्याची कितीतरी वर्षे द्यावी लागली.

हा जबाब वाचल्यावर आम्ही आपल्याकडील संग्रह आठवू लागलो. सावंतवाडीची खेळणी, कुंकळ्ळीचे पाळणे, पाट आणि चौरंग हौसेने जपले जातात, आणि ते योग्यच आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी मरणपंथास लागलेल्या गंजिफा आणि लाखकाम यांना विसाव्या शतकात आश्रय दिला, म्हणून ते आज दिसते तरी आहे. पण चार बोटे उरलेली पटाशी कोणी मागून नेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ती दिसावयासही देखणी नसते.

महाजनांच्या पुढच्या बैठकीत आम्ही एवढा इतिहास सांगितला नाही. इतका वेळ कोणी दिला नसता. आम्ही जुनी दांडी आणि मेस्ताच्या दोन पटाश्या, एक नेहमीच्या घाटाची आणि एक नव्याने घासलेली, अशा टेबलावर ठेवल्या आणि आक्षेप घेणाऱ्या गृहस्थांनाच विनंती केली की, यांपैकी कोणती त्या खोबणीत शिरते ते आपण पाहावे. त्यांनी पाहिले. ते सरळ गृहस्थ आहेत, दुसऱ्याच क्षणी म्हणाले, "मग घरून पाजवून आणली असती तर येथे पुन्हा घासावीच लागली असती." दोन दिवसांची मजुरी एकमताने मंजूर झाली. कारकुनाने धार कोणत्या खात्यात घालावी असे विचारले, तेव्हा थोडी चर्चा होऊन ती 'लालखी दुरुस्ती' या खात्यातच घालण्यात आली.

पैसे देताना आम्ही मेस्तांना म्हटले की, मोडक्या दांड्या आता आपण सरपणात टाकू. त्यांनी घाईने हात आडवा केला. "एक तरी दवरात, वकीलबाब," ते म्हणाले, आणि मग आमच्यासाठी मराठीत सांगू लागले: पन्नास वर्षांनी ही नवी दांडीही चिरफळेल, तेव्हा येणाऱ्या कातारीला टोक कसे घासावे हे जुन्या खोबणीवरूनच कळेल, आपण तोवर असणार नाही. तीतल्या त्यात बऱ्या दांडीला त्यांनी स्वतः सुतळी बांधली. आता ती देवळाच्या कोठीत, समयांच्या पेटीशेजारी, खिळ्याला टांगलेली आहे.